शालनबाईंनी धरलेला दोर

मित्रांनो, चिखलीतल्या एका पत्र्याच्या खोलीत, दाराच्या मागे, खिळ्याला वेटोळं करून टांगलेला मी एक जुना दोरखंड आहे. तोंडं वाकडी करू नका हं! दोराला कसलं आलंय आयुष्य, असंच वाटलं ना? थांबा जरा. माझ्या अंगावर मधोमध एक काळा, वितळून कडक झालेला पट्टा आहे. त्यावरून बोट फिरवलं की खरखरतं. तो पट्टा कसा पडला, हे सांगायचं म्हणून मी आज बोलतोय. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यात झाला. काथ्यातून नाही, तागातून नाही, तर प्लॅस्टिकच्या पांढऱ्या दाण्यांतून! ते दाणे वितळवले, त्यांचे धागे ओढले, धाग्यांचे तीन पीळ केले आणि तीन पिळांचा मी झालो. दोन पांढरे आणि एक निळा. काय रुबाबदार दिसायचो म्हणून सांगू! भोसरीच्या एका दुकानात मी गुंडाळी होऊन बसलो होतो. शेजारी ताडपत्र्या, साखळ्या, बादल्या. मला वाटायचं, आपण ट्रकवर जाणार, हायवेवर वारा खात गावोगाव फिरणार.

पण एके दिवशी दुकानात शालनबाई आल्या आणि म्हणाल्या, "सगळा उलगडा."

"मावशी, सगळा कशाला? नवा माल आहे," दुकानदार म्हणाला.

"असू दे नवा. ह्याला मी नवरा टांगणार हाय, म्हस न्हाई."

दुकानदार हसला, पण त्याने मला उलगडलं. शालनबाईंनी डोळे मिटले आणि मला तळहातातून सरकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासलं. कुठे धागा सुटलाय का, कुठे पीळ सैल आहे का. मग एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दुसरं शेजारच्या माणसाच्या हातात दिलं. ते त्यांचे यजमान, मारुतराव. "ओढा," त्या म्हणाल्या. मारुतरावांनी असा हिसका दिला की शालनबाई थेट काउंटरवर आदळल्या.

"दोर चांगला हाय," कमर चोळत त्या म्हणाल्या. "नवऱ्याचं काय सांगता येत न्हाई."

असा मी त्यांच्या घरात आलो.

मित्रांनो, मारुतराव आणि शालनबाईंचं काम होतं झाडं उतरवायचं. उतरवणं आणि तोडणं यांत फार फरक आहे बरं का! तोडणारा करवत चालवतो आणि फांदी पडेल तिथे पडते. उतरवणारा आधी फांदीला दोर बांधतो, दोर वरच्या बेचक्यातून घेतो, खाली बुंध्याला दोन वेढे देतो आणि मगच फांदी कापतो. कापलेली फांदी माझ्या आधाराने हवेत लोंबकळते आणि खालचा माणूस सोडेल तशी हळूहळू जमिनीवर येते. वर मारुतराव असायचे, चढताना-उतरताना मलाच कमरेला बांधून. खाली, माझं टोक धरून, शालनबाई.

लोक सगळे वर बघायचे. मारुतराव होतेच तसे बघण्यासारखे! फांदीवर बसून गाणी म्हणणार, खालच्या पोरांना नावं ठेवणार, शेजारच्या गच्चीवरच्या बाईंना "चहात आलं घाला हो!" म्हणून ओरडणार. खाली दोर धरून उभ्या असलेल्या बाईकडे कोण बघतंय? एकदा पुनावळ्याच्या एका सोसायटीत एक काका शालनबाईंना म्हणाले, "तुम्ही नुसतं धरून उभं राहायचं होय? सोपं आहे मग." शालनबाई म्हणाल्या, "लई सोपं हाय. या, धरा." काकांनी धरलं, वरून छोटीशीच फांदी सुटली आणि काका पंजावर उभे राहिले! शालनबाईंनी मागून मला पकडलं म्हणून, नाहीतर काका झाडावर गेले असते.

त्या दोघांचा एक रिवाज होता. मला तो फार आवडायचा. फांदी जमिनीला टेकायच्या आधी शालनबाई विचारायच्या, "सोडू का?" वरून मारुतराव सगळीकडे नजर टाकून म्हणायचे, "सोड." मग त्या म्हणायच्या, "सोडते." हे तीन बोल झाल्याशिवाय मी त्यांच्या हातातून सुटायचो नाही. दुसऱ्या कुणी कितीही ओरडलं तरी नाही. एखादा हौशी माणूस खालून "सोडा, सोडा, झालं!" म्हणून कोकलायला लागला की मारुतराव वरून दम द्यायचे, "ओ पाव्हणं, दोराला एकच मालकीण हाय. ती बोलंल तवाच. तुमी चहाचं बघा."

किती कामं केली आम्ही! दिघीत कौशल्याबाईंच्या दारातलं आंब्याचं झाड घरावर कललं होतं. त्याची जाडजूड फांदी मी तुळस आणि स्कूटर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उतरवली. कौशल्याबाई डोळे झाकून उभ्या होत्या, "माझी तुळस गेली, माझी तुळस गेली," म्हणत. डोळे उघडले तर तुळशीचं पानही हललं नव्हतं! खंडेनवमीला सगळ्या वर्कशॉपांतून लेथला आणि ड्रिलला हार घालतात ना, तेव्हा आमच्या घरी करवतीशेजारी मलाही हळदकुंकू लागायचं.

आणि वादळाच्या दिवशी तर विचारूच नका. वळवाचा वारा सुटला की दोघं जेवणावरून उठून तयार व्हायची. शहरभर झाडं पडलेली असतात, मोठ्या गाड्या या टोकाकडून त्या टोकाला धावत असतात, रस्ते अडलेले असतात. अशा वेळी गल्लीतला माणूस चालत पोचतो. एकदा झाडाने अख्खी गल्ली अडवली होती आणि पलीकडे रिक्षात बाळंतपणाला निघालेली बाई. मारुतरावांनी फांद्या मोकळ्या केल्या, शालनबाईंनी मला लावून खोड बाजूला घेतलं आणि रिक्षा गेली. तिच्या मुलीचं बारसं झालं तेव्हा पेढे आमच्याकडे आले होते.

पण मित्रांनो, वादळानंतर आठवण काढणारे पुष्कळ असतात, वादळाआधी बोलावणारे फार थोडे.

आमच्या मागच्याच गल्लीत दौलतरावांचं वर्कशॉप आहे. छोटे छोटे पार्ट बनवतात, चाकणच्या कंपन्यांना देतात. शेडच्या पुढच्या कोपऱ्यात एक मोठा गुलमोहर होता. शेड वाढवताना दौलतरावांनी झाड तोडलं नाही, हे खरं म्हणजे चांगलंच केलं. पण काय केलं, तर पत्र्याला भोक पाडलं, बुंधा त्यातून वर जाऊ दिला आणि खाली सालीला चिकटून सिमेंटचा कोबा घातला. त्या बुंध्याला टेकून लेथ मशीन. आमच्याकडे असं सर्रास करतात. कोबा झाला की जागा स्वच्छ दिसते, मशीन हलत नाही. पण त्या कोब्याखाली मुळांना पाणी मिळत नाही आणि श्वासही मिळत नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

चैत्रात मारुतराव तिथे टपरीवर चहा पीत होते. शालनबाईंनी सहज कोयत्याच्या पाठीने गुलमोहरावर टकटक केलं. पुन्हा केलं. मग म्हणाल्या, "अवं, इकडं या. ऐका." आवाज रिकाम्या पिंपासारखा येत होता. बुंध्याशी अळंब्या उगवल्या होत्या.

"शेठ, झाड आतनं पोकळ झालंय," मारुतराव दौलतरावांना म्हणाले. "वळवाच्या आधी वरचा भार उतरवू. पालिकेची परवानगी आमी काढून देतो. तुमी फक्त एक दिवस शेड रिकामं करा."

"एक दिवस?" दौलतराव कपाळाला हात लावून म्हणाले. "मारुतराव, दोन शिफ्ट चालू आहेत. मशिनी कुठं नेऊ, डोक्यावर घेऊ? ही ऑर्डर जाऊ दे, मग बघू."

"झाड तुमच्या शिफ्टला थांबत न्हाई, शेठ."

"इतकी वर्षं उभंय की हो ते!"

दौलतराव वाईट माणूस नव्हते. मी हे मुद्दाम सांगतोय. कामगारांची पोरं आजारी पडली तर स्वतः गाडीतून दवाखान्यात नेणारा माणूस. त्या लेथवर काम करणारा धनेश लातूरकडून आलेला, तो तर जेवायला त्यांच्याच घरी असायचा. पण ती ऑर्डर गेली आणि दुसरी आली. ती गेली आणि तिसरी आली.

मे महिन्यातली दुपार होती. आकाश पिवळं पडलं, धूळ उठली आणि एकदम असा वारा सुटला की आमच्या घराचे पत्रे वाजायला लागले. शालनबाईंनी मला खिळ्यावरून काढलं. तेवढ्यात मागच्या गल्लीतून आवाज आला. आधी कडाड, मग पत्र्यांचा खणखणाट, आणि मग माणसांचा ओरडा. दोघं पळाली. मी शालनबाईंच्या खांद्यावर.

गुलमोहर कोब्यासकट उपटून शेडवर आडवा झाला होता. लाल फुलं सगळीकडे. खोड लेथवर टेकून राहिलं होतं, म्हणून जमिनीला लागलं नव्हतं. पण त्याची एक जाड फांदी पत्रा फाडून आत घुसली होती आणि त्या फांदीखाली धनेश अडकला होता. कमरेपासून वर तो मोकळा होता. खालचं काही दिसत नव्हतं.

"काकू," शालनबाईंना बघून तो म्हणाला. चेहरा पांढराफटक. "माझे पाय हायत का बघा की. मला कळंना झालंय."

शालनबाई पालथ्या पडल्या, आत बघितलं. "हायत की. दोन्ही हायत. बूटबी हायत. रडतोस कशाला?"

"रडंना मी. धूळ गेलीय."

"मग ठीक हाय."

वीज बंद केल्याची खात्री करून घेतली. अग्निशमन दलाला फोन झाला होता. गाडी निघाली होती, पण वाटेत तीन ठिकाणी झाडं आडवी. मारुतरावांनी एका नजरेत सगळं हेरलं. समोर रस्त्याकडेला कडुनिंब उभा होता, धडधाकट. ते त्यावर चढले, मला वरच्या बेचक्यातून घेतलं, एक टोक धनेशवरच्या फांदीला बांधलं. दुसरं टोक कडुनिंबाच्या बुंध्याला वेढे देऊन शालनबाईंच्या हातात. चार कामगारांना त्यांनी मागे लावलं. "मी म्हणंल तवाच ओढायचं. मी थांब म्हणलं की दगड व्हायचं. ओढा... ओढा... थांबा!"

फांदी चार बोटं उचलली गेली. धनेश मोठ्याने ओरडला. पाय मोकळा होत होता, म्हणून.

सगळा भार आता माझ्यावर होता. मी ताणून तारेसारखा झालो होतो, पण मला भीती वाटत नव्हती. मला धरणारे हात मला माहीत होते. मारुतराव छोटी करवत घेऊन खोड आणि भिंत यांच्या मधून सरपटत आत गेले. धनेशच्या पायात अडकलेल्या बारीक फांद्या एक एक कापायला लागले. "गड्या, तुज्या लग्नात मला फेटा पायजे हां," असं काहीतरी बोलत होते. अजून थोडाच वेळ लागणार होता, मित्रांनो. खरंच, थोडाच.

तेवढ्यात दौलतराव आले. ते चाकणला गेले होते, फोन आला तसे धूळ-पावसातून परतले होते. त्यांनी आडवं झाड बघितलं, धनेशचा आवाज ऐकला आणि त्यांचं डोकंच चाललं नाही. शेजारच्या गाळ्यात गणराजची हायड्रा क्रेन उभी असते. आपल्या भागात काहीही जड अडलं की सगळ्यांना पहिली हायड्राच आठवते ना! "गणराज, भावा, हायड्रा आण! पोरगं मरतंय माझं!"

गणराज लगेच आला. झाडाच्या पलीकडून आला. तिकडून त्याला शालनबाई दिसत नव्हत्या, मी दिसत नव्हतो, आत सरपटलेले मारुतराव तर मुळीच नाहीत. कुणीतरी खोडाला साखळी अडकवली. मग सगळे एकदम ओरडायला लागले. दौलतराव, कामगार, रस्त्यावर जमलेले लोक, मोबाईल धरून उभे असलेलेसुद्धा.

"उचल! उचल! राव, उचल ना!"

"थांबा!" शालनबाई ओरडल्या. "माणूस हाय आत! थांबा!"

एवढ्या "उचल"मध्ये एक "थांबा" कुणाला ऐकू जाणार?

हायड्राने खोड उचललं. खोड लेथवरून सुटलं, गर्रकन फिरलं आणि भिंतीच्या बाजूला घरंगळलं. जिथे मारुतराव होते तिथे. आणि ते फिरलं तशी धनेशवरची फांदी खाली यायला लागली. सगळा भार एका हिसक्यात माझ्यावर आला. मागे ओढणारे चौघं घाबरून दोर टाकून पळाले. मी कडुनिंबाच्या सालीवरून असा सरकलो की धूर निघाला. माझं अंग वितळलं. निळा पीळ तुटला. मला तेव्हा वाटलं, संपलं.

पण शालनबाईंनी मला सोडलं नाही. त्यांनी स्वतःला बुंध्याभोवती फिरवून मला आणखी एक वेढा दिला, कमरेला घेतलं, टाचा रोवल्या. त्यांच्या तळहातांची कातडी माझ्याबरोबर निघून गेली. फांदी थांबली. धनेशच्या पायांपासून बोटभर वर.

भिंतीच्या बाजूने आवाज येत नव्हता. ना गाणं, ना शिवी.

शालनबाईंना ते कळलं. मला त्यांच्या हातांतून कळलं की त्यांना कळलं. मूठ माझ्यावर आणखी आवळली. मला टाकून त्या धावत गेल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण मला टाकलं असतं तर फांदी पडली असती.

"गणराज!" त्या ओरडल्या. तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. सगळी गल्ली गप्प झाली. "वर न्हाई, खाली न्हाई. तिथंच धर. बाकी कुणी बोलायचं न्हाई. ह्या पोराला काढा आधी."

आता सगळ्यांनी ऐकलं. दोघा कामगारांनी आत जाऊन धनेशला काखेत धरून ओढलं. तो बाहेर आला, पाय वेडावाकडा, पण जिवंत. त्याला रस्त्यावर निजवलं. फांदीखाली आता कुणीच नव्हतं. तरी शालनबाई मला धरूनच उभ्या. डोळे भिंतीकडे.

"सोडू का?" त्यांनी विचारलं.

कुणाला काही कळेना.

"अवं, सोडू का?"

पाऊस पडायला लागला होता. शेवटी रस्त्यावर पडलेला धनेशच रडत म्हणाला, "काकू, सोडा. सोडा आता."

"सोडते," त्या म्हणाल्या आणि मला सोडलं.

मग त्या स्वतः हायड्रासमोर उभ्या राहिल्या आणि एकट्या त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर गणराजने खोड उचललं. यावेळी ते जराही फिरलं नाही. मारुतरावांना बाहेर काढलं. करवत अजून मुठीत होती. दवाखान्यात नेलं, पण त्याचा उपयोग नव्हता.

महिन्याभराने दौलतराव आमच्या दारात आले. आत यायचं धाडस होईना. "ताई," म्हणाले आणि उंबऱ्याबाहेरच चपला काढून उभे राहिले. मग म्हणाले, "चुकलं माझं."

शालनबाईंच्या हातांना तेव्हा पट्ट्या होत्या. "चुकलं, खरं हाय," त्या म्हणाल्या. "उद्या शेड रिकामं करा. मागच्या बाजूला सुबाभूळ हाय, ती बघायची हाय. आणि तो कोबा फोडा."

दुसऱ्या दिवशी वर्कशॉप बंद होतं. मित्रांनो, मारुतरावांनी मागितलेला तोच एक दिवस!

आता शालनबाईंकडे नवा केशरी दोर आहे. झाडावर त्यांचा भाऊ गोरक्ष चढतो. तो गाणी म्हणत नाही. धनेश लंगडतो, पण लेथवर परतलाय. गणराज हायड्रा काढण्याआधी खाली उतरतो, झाडाला पूर्ण फेरी मारतो आणि विचारतो, "हुकूम कुणाचा?" मला मात्र कामाला नेत नाहीत. तुटक्या पिळाच्या दोरावर माणूस टांगत नसतात. तरी मला फेकलेलं नाही.

म्हणून मी तुम्हाला हात जोडून सांगतो. बरं, मला हात नाहीत, पण समजून घ्या. तुमच्या दारातल्या झाडाभोवती कोबा घातला असेल तर घरच्यांना सांगून तो फोडा. झाड कललं असेल, अळंब्या आल्या असतील, तर आकाश पिवळं पडायची वाट बघू नका. तुमच्या गल्लीत झाडं उतरवणारं कुणीतरी असेलच, त्यांना आधीच बोलवा आणि त्यांनी मागितलेला एक दिवस त्यांना द्या. आणि कधी झाड पडलंच आणि खाली माणूस असेल, तर ओरडू नका. आधी बघा, दोर कुणाच्या हातात आहे. मग त्याच एका माणसाचं ऐका.

वारा सुटला की शालनबाई नवा दोर खांद्यावर टाकतात आणि निघायच्या आधी दाराच्या मागे येतात. मला हात लावतात. बोटं सरकत सरकत त्या काळ्या पट्ट्यापाशी थांबतात. मग अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारतात, "सोडू का?"

मला उत्तर द्यावंसं वाटतं. पण दोराला आवाज नसतो. त्या तशाच थोडा वेळ उभ्या राहतात, मग पदर खोचून बाहेर पडतात. आणि मी खिळ्यावर लोंबकळत ऐकत राहतो, वारा वाढतोय की उतरतोय ते.